गालिच्यावरचा डाग पुसला, वाळला आणि परत आला?

गौरीजेवणाच्या दिवशी आमच्या हॉलमधल्या गालिच्यावर चहाचा भरलेला कप उपडा झाला. फिकट बदामी रंगाचा, लोकरीचा, हातानं गाठी मारून विणलेला गालिचा. सासूबाईंनी पै-पै साठवून घेतलेला, आणि सणावारालाच अंथरायचा. घरात माणसं होती, पंगत उठायची होती, त्यामुळे तासभर तसाच राहिला. मग मी तांब्याभर पाणी ओतलं, भांड्यांचं लिक्विड टाकलं, ब्रशनं खसाखसा घासलं. डाग गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदे सारले तर त्याच जागी तपकिरी कडेचं वर्तुळ. पुन्हा धुतलं, पुन्हा गेलं, पुन्हा आलं. असं तीनदा झालं. बशीएवढा होता तो डाग तिसऱ्या वेळी ताटाएवढा झाला होता.

‘डाग कशानं जातो’ याची उत्तरं भरपूर मिळतात. गेलेला डाग परत का येतो, हे मात्र कोणी नीट सांगत नाही, आणि बरेच गालिचे तिथेच खराब होतात. म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

डाग कधी परत आला, ते आधी आठवा

दुसऱ्याच दिवशी आला, कडेला गडद आणि मध्ये फिकट असा आला, तर तो डाग मुळात गेलेलाच नव्हता. चहा गालिच्याच्या लवीत थांबत नाही. तो बुडापर्यंत उतरतो, पाठीत मुरतो. आपण वरून पाणी ओततो तेव्हा उरलासुरला चहाही त्याच्यासोबत खाली जातो. वरची लव स्वच्छ दिसते आणि आपण खूश होतो. पण गालिच्याला वारा लागतो तो वरून. वरची टोकं आधी सुकतात आणि खालची ओल धाग्याधाग्यातून वर चढायला लागते, अगदी समईच्या वातीतून तेल चढतं तशी. टोकाशी आलं की पाणी उडून जातं, चहाचा रंग तिथेच बसतो. जितकं पाणी जास्त, तितका चहा दूरवर पसरतो आणि वर्तुळ तितकं मोठं होतं. मी तीन वेळा नेमकं हेच केलं होतं.

दोन-तीन आठवड्यांनी आला, रंग काळपट-करडा आणि कड अशी नाहीच, तर तो मूळ डाग नाही. तो साबण आहे. गालिच्यात राहून गेलेला साबण सुकल्यावरही किंचित चिकट असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पावलांची धूळ नेमकी तिथे धरून ठेवतो. खात्री करायची असेल तर त्या जागी थोडं पाणी शिंपडा आणि ओल्या पांढऱ्या फडक्यानं चोळून बघा. बारीक फेस आला आणि फडकं मळकट झालं, तर साबणच.

डाग दिसत नाही, पण पाऊस सुरू झाला की वास येतो, तर ते लघवीचं प्रकरण. आणि डागाचा रंगच बदलला, पिवळा होता तो लालसर झाला, तर हळद. या दोन्हींबद्दल पुढे लिहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी परत येणारा डाग

यात एकच सूत्र आहे: ओल वर चढणारच असेल, तर ती गालिच्याच्या टोकाशी न थांबता फडक्यात गेली पाहिजे.

चौथ्या वेळी मी पाणी ओतलं नाही. वाटीत गार पाणी घेतलं आणि चमच्या-चमच्यानं टाकलं, तेही डागाच्या कडेकडून मध्याकडे. गरम पाणी मुद्दाम टाळलं, कारण आपल्या चहात दूध असतं आणि गरम पाण्यानं दुधातली प्रथिनं धाग्यावर घट्ट बसतात. प्रत्येक दोन-तीन चमच्यांनंतर जुना पांढरा पंचा चौघडी करून ठेवायचा आणि तळहातानं अंगाचा भार देऊन दाबायचं. घासायचं नाही, फक्त टिपायचं. घासल्यानं लोकरीचे धागे पिंजतात, आणि डाग गेला तरी ती जागा कायमची वेगळी दिसते. पंचा पांढराच हवा. रंगीत फडक्याचा रंग उतरतो, आणि शिवाय डाग किती निघाला ते त्यावर कळत नाही.

त्यानंतर कपभर गार पाण्यात भांड्यांचं लिक्विड, पाव चमचा. याहून जास्त नको. गालिच्याला साबण कमी पडला असं क्वचितच होतं, नेहमी तो जास्तच पडतो. फडकं त्यात बुडवून पिळायचं आणि टिपायचं. मग एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी, आणि तसंच टिपायचं. चहा-कॉफीचा तपकिरी रंग आम्लानं सैल होतो आणि उरलेला साबणही सुटायला मदत होते. शेवटी साधं पाणी, पुन्हा चमच्यानंच, आणि पुन्हा टिपणं. तुमच्याकडे बोअरचं पाणी येत असेल तर हे शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या. जड पाण्यातले क्षार आणि लोह सुकल्यावर स्वतःचीच पिवळट कड सोडतात.

आता खरं काम. दोन जाड पांढरे टॉवेल घडी करून डागावर ठेवले, डागापेक्षा चारी बाजूंनी वीतभर मोठे. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली आणि तिच्यावर माळ्यावर पडून असलेला दगडी पाटा ठेवला. पाटा नसेल तर पाण्यानं भरलेली कळशी, पुस्तकांचा गठ्ठा, काहीही जड चालेल. प्लॅस्टिक एवढ्याचसाठी की त्या वस्तूचा रंग टॉवेलमधून खाली झिरपू नये. सकाळी टॉवेल उचलला तर त्याच्या खालच्या घडीवर फिकट तपकिरी, थोडं वाकडं असं वर्तुळ उमटलेलं, अगदी माझ्या डागाच्या आकाराचं. जे तीन वेळा गालिच्यावर आलं होतं ते या वेळी टॉवेलवर आलं होतं. कोरडे टॉवेल घेऊन आणखी एक रात्र तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशीच्या टॉवेलवर जवळजवळ काही नव्हतं.

यानंतर गालिचा भराभर सुकवायचा. मी त्या भागाखाली दोन जेवणाचे पाट सरकवले, म्हणजे पाठीलाही वारा लागेल, आणि टेबलफॅन जमिनीच्या पातळीवर लावून ठेवला. भाद्रपदातल्या दमट हवेत याची फार गरज असते. गालिचा दोन दिवस ओला राहिला की पाठीला बुरशी धरायला लागते, आणि बुरशीचा वास चहाच्या डागापेक्षा वाईट. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा गालिचा धुवायला काढूच नका, डागापुरतंच काम करा.

लवीच्या टोकाला किंचित पिवळसर झाक उरली होती. ती तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडनं गेली. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलं असेल तर ते सहा टक्क्यांच्या आसपास असतं, तेव्हा त्यात तेवढंच पाणी घाला. हे रंग उडवणारं रसायन आहे. फिकट गालिच्यावरच वापरा, आणि आधी सोफ्याखालच्या कोपऱ्यात थेंबभर लावून एक दिवस थांबा. गडद, रंगीत गालिच्याला मी हात लावणार नाही.

आधी गालिचा कशाचा आहे ते बघा

हे खरं तर सगळ्यात आधी करायला हवं, पण डाग पडल्यावर कोणी थांबत नाही म्हणून मध्येच लिहिते. कडेचा एक धागा उपटा, चिमट्यात धरून सिंकवर जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर लोकर किंवा रेशीम. वितळून टणक गोळी झाली, तर कृत्रिम धागा. बाजारातले स्वस्त, मशीनवर विणलेले बहुतेक गालिचे या जातीचे. कागदासारखा भुरकन जळला, तर सुती, ज्यूट किंवा व्हिस्कोस.

यातला व्हिस्कोस जपा. ‘सिल्क टच’ वगैरे नावानं विकला जाणारा, चमचमणारा गालिचा बहुधा हाच असतो. नुसत्या साध्या पाण्यानंही तो पिवळा पडतो आणि लव चिकटून बसते. त्यावर सांडलेलं फक्त कोरड्या फडक्यानं टिपा आणि तिथेच थांबा. ज्यूटही पाण्यानं तपकिरी होतो. लोकरीला सोड्यासारखी रसायनं, म्हणजे अल्कली, मानवत नाहीत, म्हणून कपड्यांची पावडर आणि धुण्याचा सोडा लोकरीवर नको. ब्लीचचं तर नावच काढू नका, ते लोकर अक्षरशः विरघळवतं.

गालिचा उलटाही करून बघा. मागे एकेक गाठ दिसत असेल तर तो हातानं विणलेला. उत्तर प्रदेशातल्या भदोहीकडचे गाठींचे गालिचे असे असतात, पाठ पुढच्या नक्षीसारखीच दिसते. मागे कापड चिकटवलेलं असेल तर आत रबराचा थर आहे. अशा गालिच्यावर रॉकेल, टर्पेंटाइन असलं काही ओतलं की तो थर सुटतो आणि लव मुठीनं निघून येते.

आणखी एक गोष्ट. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस आणायची पद्धत सगळीकडे दिसते. तो फेस डोळ्यांना बरा वाटतो, पण सोडा अल्कली आणि व्हिनेगर आम्ल, दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळपास खारं पाणी. दोन्ही उपयोगी आहेत, पण वेगवेगळे. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद हॉलमध्ये तो जिवावर बेतू शकतो.

हळद

आपल्या घरांत खरा शत्रू हाच. आमटी, पोहे, लोणच्याचा खार, हळदीच्या कार्यक्रमात पाटाखाली अंथरलेला गालिचा.

पहिली गोष्ट, हळदीचा डाग साबणानं लाल होतो. आमटी सांडते, आपण घाईनं कपड्यांची पावडर कालवून टाकतो, आणि पिवळा डाग बघता बघता रक्तासारखा दिसायला लागतो. पोटात धस्स होतं. घाबरू नका, डाग वाढलेला नाही. हळदीत चुन्याची निवळी घालून कुंकू करत, तीच ही गंमत. हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो. वर व्हिनेगरचं पाणी टिपलं की पुन्हा पिवळा होतो. पण तोपर्यंत आपण तो डाग पाण्यानं पसरवलेला असतो, हे खरं नुकसान.

दुसरी गोष्ट, हळदीचा रंग पाण्यात विरघळतच नाही. तेलात विरघळतो, स्पिरिटमध्ये विरघळतो. त्यामुळे पाणी ओतून काही साधत नाही. माझा क्रम असा: आधी जे सांडलं ते चमच्याच्या कडेनं, बाहेरून आत, उचलून घ्यायचं. मग डागावर कॉर्नफ्लॉवर किंवा टाल्कम पावडर भरपूर पसरायची आणि अर्धा तास हात लावायचा नाही. ती फोडणीचं तेल पिते, पिवळी आणि ओशट होते. झाडून किंवा व्हॅक्यूमनं काढायची, वाटलं तर पुन्हा एकदा घालायची. बेसन वापरू नका, ओल लागली की त्याची खळ होते.

त्यानंतर मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट. गालिच्यावर ओतायचं नाही, पांढऱ्या फडक्याच्या टोकाला घ्यायचं आणि टिपायचं. फडकं लगेच पिवळं होतं. लगेच कोरी जागा फिरवून घ्यायची, नाहीतर तोच पिवळा रंग आपण परत लावत बसतो. एका वाटीएवढ्या डागाला माझा एक अख्खा जुना बनियन गेला, त्याचा कोपरा न् कोपरा. खिडक्या उघड्या ठेवा, आणि देवघरातली समई, उदबत्ती, गॅस सगळं विझवून मगच स्पिरिटची बाटली उघडा. पाठीला रबर असेल तर फडकं जेमतेम ओलसर हवं.

यानंतर जी फिकट पिवळी सावली उरते तिला मी कशानंच घासत नाही. तिला ऊन दाखवते. हळदीचा रंग उजेडात तुटतो, म्हणून तर हळदीचे कपडे उन्हात टाकले की पांढरे होतात. गालिचा गॅलरीत टाका. पण कडक उन्हानं गालिच्याचे स्वतःचे रंगही विटतात, म्हणून त्यावर जुनी चादर पसरायची आणि डागापुरतं भोक पाडून तेवढाच भाग उघडा ठेवायचा. दोन-तीन दिवसांच्या उन्हात सावली निघून जाते. पावसाळ्यात डाग पडला तर तेल आणि स्पिरिटपर्यंतचं काम करून ठेवा आणि ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघा.

बाकीचे नेहमीचे

समईचं किंवा पणतीचं तेल: कॉर्नफ्लॉवर, मग लिक्विडचं पाणी. मेणबत्तीचं मेण सांडलं तर बर्फाची पिशवी ठेवून कडक करा, चमच्यानं तुकडे उचला. उरलेल्यावर कोरा खाकी कागद ठेवून इस्त्री फिरवा, अगदी मंद. कृत्रिम धागा इस्त्रीनं वितळतो आणि तो डाग कुठल्याच उपायानं जात नाही.

चिखल ओला असताना हातच लावू नका. पूर्ण वाळू द्या, मग झाडा. निम्म्याहून जास्त तसाच निघतो. कोकणातल्या लाल मातीच्या डागात लोह असतं, उरलेल्या तांबूस झाकेवर लिंबाचा रस पाण्यात घालून टिपा. ब्लीचनं ती झाक जात नाही. खुर्चीच्या लोखंडी पायाचा गंजही असाच.

गुलाल, रांगोळी, कोरडे रंग: पाण्याचा थेंब नको. उचलून, उलटा करून झटका, मग व्हॅक्यूम. ओला झाला की तो रंग नाही, रंगाई होते. बॉलपेनच्या शाईला स्पिरिट. रक्ताला गार पाणी आणि चिमूटभर मीठ. गरम पाणी घातलंत तर ते घट्ट बसतं. मेंदी लोकरीवर वाळली असेल तर ती केसांवर बसते तशीच बसलेली असते, लोकर म्हणजे केसच. तिच्यामागे लागून गालिचा खरवडण्यापेक्षा तिथे टीपॉय ठेवा.

साबणाचा काळपट डाग

इथे आणखी साबण लावणं हेच चुकतं. कपभर कोमट पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घ्या, फडक्यानं ओलं करा, टिपा, आणि परत तेच. फेस येणं थांबेपर्यंत. आमच्या दारासमोरच्या पट्टीला मला सहा फेऱ्या लागल्या. पहिल्या दोन फडक्यांचं पाणी बादलीत पिळलं तर ते फरशी पुसल्यासारखं काळं निघालं. त्यानंतर साध्या पाण्याच्या दोन फेऱ्या आणि रात्रभर टॉवेल-पाटा. तेव्हापासून ती पट्टी काळी पडलेली नाही.

पावसात येणारा वास

घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल त्यांना हा अनुभव असतो. मे महिन्यात गालिचा अगदी ठीक, जूनचा पहिला पाऊस पडला की हॉलमध्ये वास. लघवीतलं पाणी उडून जातं, क्षार पाठीत राहतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसंच या क्षारांना दमट हवेत पाणी सुटतं आणि वास परत उठतो. वरून अत्तर, फिनाइल मारून काहीच होत नाही, कारण ते तिथपर्यंत पोचतच नाही.

इथे, आणि फक्त इथेच, पाणी खोलवर जाऊ द्यावं लागतं. लघवी जितकी खोल गेली तितकंच व्हिनेगरचं पाणी गेलं पाहिजे. गालिच्याखाली जुना टॉवेल घाला, एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाणी सावकाश टाका, दहा मिनिटं थांबा, मग वरून उभं राहून दुसऱ्या टॉवेलनं पावलांनी दाबा. खालचा टॉवेल बदलून दोन-तीनदा करा. शेवटी साधं पाणी, पाट, पंखा. पूर्ण सुकल्यावर, कृत्रिम धाग्याचा गालिचा असेल तर खायचा सोडा कोरडाच पसरून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्यूम करा. मांजराच्या लघवीला एवढ्यानं भागत नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं लिक्विड मिळतं ते आणा, मात्र बाटलीवर लोकरीला चालतं असं लिहिलंय का ते वाचून. आणि हे सगळं मेमध्ये करा, वास यायच्या आधी.

कुठे थांबायचं

टिपलेल्या पांढऱ्या फडक्यावर डागाचा रंग न येता गालिच्याचा रंग यायला लागला की थांबा. रेशमी गालिचा असेल तर सुरूच करू नका. तो कोरडा टिपून गालिचे धुणाऱ्या माणसाकडे द्या, आणि देताना काय सांडलं, त्यावर काय काय लावलं, कोणत्या क्रमानं, हे सगळं सांगा. पेरॉक्साइड लावलं असेल तर ते आवर्जून. त्याला ते माहीत नसेल तर तो त्यावर दुसरं काही लावेल आणि रंग उडेल.

मी आता डाग पडला की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवते: ‘चहा. गार पाणी, लिक्विड पाव चमचा, व्हिनेगर, पाटा २ रात्री.’ तीन आठवड्यांनी त्या जागी काही दिसलं तर मागचं पान उलटायचं, म्हणजे चहा वर आलाय की साबण राहिलाय हे शोधत बसावं लागत नाही.